ईलायला बघायला माणूस आला होता

प्रिय वेल्डन,

अक्षर पाहून दचकू नकोस. पत्र माझं, डॉइलचंच आहे. हात तेवढा तुझ्या बहिणीचा. माझा उजवा हात सध्या गळ्यात बांधलेला आहे, आणि तो तसा का बांधला गेला हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप. मी सांगतोय, नेल्डा लिहितेय. कंसात जे येईल ते तिचं. मी हरकत घेतली होती, पण पेन तिच्याकडे आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि आलं तरी तू ऐकत नाहीस.

तर आधी नमस्कार. तू नेल्डाचा मोठा भाऊ, म्हणजे नात्याने मी वाकायला हवं. पण शाळेत माझ्या वहीतून गणितं उतरवायचास, तेव्हा अर्धाच वाकतो. तब्येत कशी आहे? झोप लागते का? इकडे डार्बी वेल्सला सगळं ठीक. कापसाची पेरणी उरकली, धूळ नेहमीइतकीच, आणि अंगणातल्या पेकानच्या झाडाला यंदा मोहोर छान आलाय. (मोहोर नाही, कीड आहे.)

आता मुद्दा. शाळेच्या जेवणघरात ग्रासिएला ओलिव्हारेस म्हणून एक बाई वाढते. तू गाव सोडल्यावर आली, तुला माहीत नसेल. तिचा धाकटा मुलगा ईलाय. पोरगा आपल्या शाळेच्या फुटबॉल संघात तुझ्याच जागी खेळतो, रिसीव्हर. म्हणजे तेच, मैदानाच्या कडेला एकटं उभं राहायचं, खेळ सुटला की जीव खाऊन पळायचं आणि क्वार्टरबॅकने लांबून हाताने भिरकावलेला बॉल पळता पळता झेलायचा. अडचण अशी की आता आपल्याकडे लांब फेकणारं कोणी उरलंच नाही. प्रशिक्षक टब्स बॉल पोटाशी धरून मधूनच घुसायला लावतो. त्यामुळे ईलाय सबंध मोसम कडेने पळत गेला आणि हात हलवत परत आला. त्याच्याकडे बॉल आला असेल तो बहुतेक चुकून. अशा पोराला कॉलेजवाले कशाला विचारतील? त्यांना दाखवायला चित्रीकरण हवं, आणि आपल्याकडे आहे ते सगळं एका पळणाऱ्या पोराचं. टब्सने तरी चिकाटी सोडली नाही. शेवटी एका कॉलेजचा माणूस, दुसऱ्या गावी दुसऱ्याच कोणाला बघायला निघालेला, जाता जाता उतरतो म्हणाला. त्याला ईलाय पसंत पडला तर शिक्षण, राहणं, जेवण सगळं कॉलेजकडे. नाही पडला तर जूनपासून मामाच्या हाताखाली कापसाच्या जिनमध्ये, सरकी काढत. जिन वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझा जन्म तिथेच गेला. पण आतून माणूस कसा होतो ते मला ठाऊक आहे. (हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.)

आणि त्या माणसाच्या येण्याच्या आदल्या दिवशी आपला क्वार्टरबॅक, टपालवाल्याचा नातू, ट्रॅक्टरवर उभा राहून फोटो काढून घेताना पडला आणि खांद्याचं हाड मोडून बसला. बरा फेकत नव्हता, पण निदान फेकत होता. टब्स स्वतः फेकतो ते कोंबड्या हाकलल्यासारखं. तो सकाळीच माझ्या दारात. मी सिंकखाली आडवा होतो. म्हणाला, डॉइल, तुमचा हात अजून आहे का? मी म्हटलं, जोडलेला आहे एवढं खात्रीने सांगतो. मग त्याने शाळेच्या व्हरांड्यातल्या आपल्या फोटोचा विषय काढला. तोच, ज्यात तू आणि मी आहोत, तुझे कान आणि माझे केस. म्हणाला, त्या संघाच्या गोष्टी आम्ही अजून पोरांना सांगतो. वेल्डन, या वाक्यानंतर मी टोपी कधी घातली ते मला आठवत नाही. (नळ तसाच गळत ठेवून गेला.)

मैदानावर गेलो तर ते कॉलेजचे, हार्गिस म्हणून गृहस्थ आले होते. चेहऱ्यावरून पोटाचे विकार. लग्नासाठी मुलगा बघायला आल्यासारखं त्यांनी ईलायला उभं केलं, उंची पाहिली, बोटं फाकायला लावून पंजा मापला, पळवलं. पंजा आवडलेला दिसला. पळणं पाहून घड्याळ खिशात घातलं आणि गाडीकडे एकदा बघितलं. पोरगा फार वेगवान नाही, वेल्डन. तूही नव्हतास. ग्रासिएला जेवणघराच्या मागच्या दारात एप्रनला हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले असतील.

मी बॉल हातात घेतला आणि शप्पथ सांगतो, जिनच्या मागच्या मोकळ्या जागेचा वास आला. सरकीचा, तापलेल्या मातीचा. आठवतं? संध्याकाळी तुझी आई बीन्स आणि कॉर्नब्रेड झाकून ठेवून हाका मारून थकायची, बॉल दिसेनासा व्हायचा, तरी आपलं चालूच. नेल्डा ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सूर्यफुलाच्या बिया खात माझ्याकडे बघत बसायची. (मी दादाला जेवायला बोलवायला यायचे.) तेव्हा वाटायचं, हा हात आहे तोवर आपल्याला कसली काळजी. तोच हात मागे नेला आणि फेकला.

बॉल कुंपणाबाहेर गेला.

दुसरा जमिनीकडे गेला. पण ईलाय त्याच्याआधी जमिनीवर पोचला होता; गवतातून अंडं उचलावं तसा त्याने तो वरच्यावर उचलला. तिसरा मी उजवीकडे फेकतो असं सांगून डावीकडे फेकला. पोरगा हवेतच वळला. कसा ते विचारू नकोस, कमरेखालचा भाग एकीकडे आणि वरचा दुसरीकडे. चौथा पाण्याच्या पिंपावर. पिंप आडवं, ईलाय पिंपावर आडवा, बॉल छातीशी. प्रत्येक झेलानंतर तो सावकाश पळत यायचा, बॉल माझ्या हातात ठेवायचा, फेकायचा नाही, हातात ठेवायचा, आणि हळूच म्हणायचा, "छान होता काका. वाऱ्याने जरा नेला."

दोनतीनदा तो हे म्हणाला तेव्हा मी मैदानाच्या टोकाला खांबावरच्या झेंड्याकडे पाहिलं. झेंडा ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. आपल्या गावात वर्षातून एखाद्या दिवशी वारा पडतो, तो दिवस नेमका हा.

वेल्डन, तीन मोसम तू मला हेच सांगत होतास. मार्लो क्रीकच्या सामन्यात तू बाकाखाली घुसून झेलला होतास तेव्हा, पाहुण्यांच्या बँडमधल्या ढोलकऱ्याच्या अंगावर पडून झेलला होतास तेव्हाही. मस्त होता, वाऱ्याने नेला. आणि पश्चिम टेक्सासमध्ये वाऱ्यावर अविश्वास कोण दाखवणार? मी जन्मभर असं समजून चाललो की आपल्या गावात एक विलक्षण हात होता आणि एक नशीबवान झेलणारा. (मला लग्नाआधीपासून माहीत होतं. दादाने शपथ घातली होती.)

पुढच्या बॉलला माझ्या खांद्यात काहीतरी बोललं. सुकी फांदी मोडताना बोलते तसं. मी खाली कोसळलो आणि बॉल गोळी लागलेल्या बदकासारखा वर जाऊन मागे, म्हणजे आमच्याच बाजूला, पडायला लागला. ईलाय तिकडे दूर होता. तो उलटा पळत आला, एका हाताने, आडवा होऊन, झेलला. आणि उठला तो हार्गिसकडे न बघता थेट माझ्यापाशी आला. माझ्या डोक्याखाली हात घातला. दुसऱ्या हातात बॉल तसाच. टब्सने मागितला तरी सुटेना.

हार्गिस शेजारी येऊन उकिडवे बसले. म्हणाले, चांगल्या हाताने फेकलेलं झेलणारी पोरं मी रोज बघतो. यंत्राने फेकलेलं झेलणारी बघतो. मग टोपी काढून अगदी आदराने म्हणाले, "तुमच्याइतकं वाईट फेकणारा माणूस मला शोधून मिळाला नसता."

मी आभार मानले. दुसरं काय करणार? मग त्यांनी विचारलं, तुम्ही जुने खेळाडू म्हणे, या पोराबद्दल तुमचं काय मत? मी वेदनेने कळवळत होतो, चार भारी शब्द सुचले असते तर हवे होते. एवढंच म्हटलं, "असा एक माझ्याकडे होता. मला वाटायचं, मीच चांगला फेकतो."  दुसऱ्या गावी त्या दिवशी हार्गिस गेलेच नाहीत. जेवणघरात बसून त्यांनी ग्रासिएलाच्या हातच्या एन्चिलाडा खाल्ल्या, पोटाची पर्वा न करता, आणि पुढल्या आठवड्यात कॉलेजचा होकार आला. ग्रासिएला आमच्याकडे तमालेंचं पातेलं ठेवून गेली. ईलाय ऑगस्टमध्ये जातो.

असो. हात बरा होईल म्हणतात. फेकणं मात्र संपलं, असं डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. टब्स शेजारी उभा होता, त्याने सुटकेचा निःश्वास टाकला असं मला वाटलं. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, कुत्र्यालाही.

तुझा अर्धा वाकलेला मेहुणा,
डॉइल

ता. क. शेवटच्या वर्षी मार्लो क्रीकविरुद्ध जिंकून देणारा बॉल मात्र चांगला होता. छातीवर आला होता. या बाबतीत मी काही ऐकून घेणार नाही.

ता. क. २ खरं काम राहिलंच. ईलायचं कॉलेज तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. रविवारी त्याला जेवायला बोलवत जा. तो पुरे म्हणेल, पण ऐकू नकोस, वाढ. आणि मान वळवून डाव्या खांद्यावरून झेलायची तुझी ती युक्ती त्याला दाखव. मी दाखवायचा प्रयत्न केला, तो हसला नाही, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

ता. क. ३ दादा, मी नेल्डा. तो दाढी करायला गेलाय, म्हणून घाईत लिहिते. फेकणं संपलं वगैरे काही खरं नाही. गेला आठवडाभर रोज संध्याकाळी तो मला जिनच्या मागे नेतो आणि डाव्या हाताने फेकतो. समोर मला उभं करतो. काल माझा चष्मा फुटला. तो तुला ये म्हणून लिहिणार नाही, पण पाहुण्यांच्या खोलीतली शिलाई मशीन त्याने एका हाताने ढकलत बाहेर काढली आहे. तर ये. तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. खुर्ची टाकून बसलास तरी चालेल. तो खुर्चीच्या आसपास कुठेतरी फेकेल.