देवमनकाकांचा फ्लॅश

मंगरूळपीर,
गुरुवार

प्रिय सुकेशनी,

परवाच आपला फोन झाला आणि लगेच हे पत्र, म्हणून तू चक्रावशील. पण जे सांगायचं आहे, ते तुझा आवाज कानावर पडत असताना माझ्याच्यानं सांगवणार नाही. शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

तुझ्या बाबांच्या कॅमेऱ्याचा तो जुना बल्बचा फ्लॅश. चकचकीत लांब दांडा, त्यात टॉर्चचे तीन सेल, वर पत्र्याची तबकडी, बाजूला लाल बटण. आपण सातवीत असताना पोहरादेवीच्या यात्रेत तो त्यांच्या हातून पडला, दांड्याला पोचा आला. तू रडायला लागलीस आणि देवमनकाका हसत म्हणाले, "फोटो तर नाही ना फुटला? मंग?" आमच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या फोटो स्टुडिओत पळायचो. तारा जोडायला, स्क्रू खोलायला मी तिथंच शिकलो.

फेब्रुवारीत काका तो फ्लॅश घेऊन माझ्याकडे आले. सिनेमातल्या वस्तूंच्या हुबेहूब नकला करायचा माझा नाद त्यांना ठाऊक. म्हणाले, "याचे बल्ब तर आता कुठीच भेटत नाही. तू काही जुगाड कर. नात आली का याच उजेडात तिचा एक फोटो काढतो. सुकेशनीचा पयला फोटो याच्यानंच काढला होता." मी हो म्हणालो. तेव्हा मनापासून म्हणालो होतो, एवढं तरी खरं मान.

मग मोबाइलवर वाचनात आलं की एका परदेशी सिनेमातल्या उजेडाच्या तलवारीची मूठ असल्याच फ्लॅशच्या दांड्याची केली होती. असा दांडा आपल्याकडे शोधून मिळत नाही, आणि माझ्या टेबलावर तो पडलेला. म्हटलं, नुसतं लावून तर बघू. तबकडी काढली. काळ्या रबराच्या पट्ट्या चिकटवल्या. जुना कॅल्क्युलेटर फोडून त्याच्या काचेवरची भिंगाची पट्टी बसवली. इथपर्यंत सगळं परत काढता आलं असतं. पण दिव्यांची नळी आत जाईना, म्हणून दांड्याचं तोंड कापलं, आतले सेलचे पत्रे ग्राइंडरनं उडवले. तळाला काकांनी खिळ्यानं कोरलेलं त्यांच्या नावातलं 'दे' होतं, तेही पॉलिश पेपरनं घासून टाकलं. खरं सांगतो, सुकेशनी, मला आनंद होत होता. त्या आनंदाचीच आता जास्त लाज वाटते.

काकांना सांगितलं, दुरुस्तीला अकोल्याला पाठवला होता, वाटेत गहाळ झाला. त्यांनी उलट माझीच समजूत काढली, "जाऊ दे ना बाप्पा. तू कायले जिवाले लावून घेतं?"

एप्रिलमध्ये वाशीमला हौशी कारागिरांचं प्रदर्शन भरलं. माझ्या तलवारीला पहिलं बक्षीस मिळालं. मी तुला फोटो पाठवला आणि तू किती कौतुक केलंस. त्या फोटोच्या कडेला इस्त्रीचा शर्ट घातलेले तुझे बाबा उभे होते. तेवढा भाग कापून मी तो तुला पाठवला.

ते न सांगता एसटीनं आले होते, माझं कौतुक बघायला. त्यांनी तलवार हातात घेतली. अंगठा दांड्यावरून सरकत खाली गेला आणि पोच्यावर थांबला. त्यांनी लाल बटण दाबलं, निळी नळी पेटली. तिच्याकडे बघत राहिले आणि मग अलगद टेबलावर ठेवून म्हणाले, "उजेड तर पडला." चहासुद्धा न घेता स्टँडकडे गेले.

त्यानंतर त्याविषयी एका शब्दानं काही बोलले नाहीत. दिसलो की पूर्वीसारखंच विचारतात, "काहून रे जिनेश, जेवला का?" मीच आता मागच्या गल्लीनं दुकानात जातो.

परवा फोनवर तू रडलीस. फ्लॅश कुठे आहे असं तू विचारल्यावर बाबा म्हणाले, "मीच ठेवला कुठीतरी, ध्यानात नाही राह्यलं." इतकी वर्षं जपलेली वस्तू विसरले, म्हणजे आता त्यांना एकटं ठेवायचं नाही, पुढच्या रविवारी येऊन पुण्याला न्यायचं, डॉक्टरांना दाखवायचं, स्टुडिओ कायमचा बंद करायचा, असं तू ठरवलंस. तुझ्याही काही लक्षात आलंय का, असं मला विचारलंस, आणि मी म्हणालो, "हो, हल्ली थोडं विसरतात." दांडा कापला त्याहून हे वाईट. आज सकाळी जाऊन त्यांचे पाय धरले. ते अल्बम खोक्यात भरत होते. म्हणाले, "तिले नको सांगू. तिले भाऊ नाही, राखी तुलेच बांधते. मी जातो ना पुण्याले, काय होते?" त्यांचं न ऐकता हे लिहितो आहे. तुझे बाबा काही विसरलेले नाहीत, सुकेशनी. मला वाचवायला ते खोटं बोलले. त्यांचा स्टुडिओ बंद करू नकोस.

तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
जिनेश