सीमेवरचा नारळ

बाबा, काल दुबईबाहेर हत्ता गावाकडे गेलो होतो. तुमच्या जावयाने नवी गाडी घेतली आहे आणि ती डोंगरातून पळवून बघायची त्याला हौस. आईला पुढे बसवलं, मी आणि तुमची नात मागे. ओमानच्या नाक्याची पाटी दिसली तशी आईने पदर डोळ्यांना लावला. तिथलं आता काही ओळखू येत नाही. तेव्हाची पत्र्याची शेड गेली, मोठी कमान आली, खिडक्याच खिडक्या झाल्या. नातीने मला हळूच विचारलं, "व्हाय इज आजी क्रायिंग?" जावई शहाणा आहे, त्याने गाडी वळवली. आईने डोळे पुसले आणि इतकी वर्षं जे म्हणत आली आहे तेच पुन्हा म्हणाली, "त्या दिसा नारळ अर्धो ऱ्हवलो नसतो, तर तुजे बाबा आज असते." मी नेहमीसारखी खिडकीबाहेर बघत बसले. आज ऑफिसला सुट्टी टाकली आहे, आई आत झोपली आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मला कळायला लागल्यापासून तुम्ही आमच्याकडे पाहुणे होतात. दोन वर्षांनी यायचात, बॅग उघडली की साबणाचा आणि टँगचा वास घरभर व्हायचा, आणि मला तुमच्याशी बोलायला लाज वाटायची. लाज मोडेपर्यंत तुमची रजा संपत आलेली असायची. निघायच्या दिवशी मात्र मी पुढे. गावाच्या वेशीवरच्या राखणदार देवाला नारळ ठेवायचा, जाणत्या माणसाने हात जोडून गाऱ्हाणं घालायचं, की हे तुझं लेकरू परमुलखात चाललंय, त्याची राखण कर, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांत मोठा आवाज माझा. आपल्याकडे नुसतं मागून भागत नाही, चार माणसांनी होकार भरला तरच ते देवाच्या कानावर जातं, हे मला आजीने शिकवलं होतं. तुम्ही जीपमध्ये बसता बसता म्हणायचात, "तुझ्या व्हय म्हाराजाशिवाय माझं विमान उडत नाही." मला ते खरंच वाटायचं. वर्गात सांगितलं तर पोरी हसल्या, तरी वाटायचं.

मग तुम्ही फोरमन झालात, फॅमिली आणण्याइतका पगार झाला, आणि आम्ही दोघी व्हिजिट व्हिसावर शारजात आलो. एका मल्याळी कुटुंबाबरोबर वाटून घेतलेला फ्लॅट, आपल्या वाट्याला एक खोली, स्वयंपाकघर सामाईक. पहिल्या दिवशी तुम्हीच जेवण केलंत. केवढं मोठं पातेलं डाळ! कंपनीच्या लेबर कॅम्पात आठ माणसांचं रांधायची सवय, तीन माणसांच्या अंदाजाने तुमचा हातच चालेना. आई हसून हसून बेजार झाली. ती डाळ आपण आणि त्या मल्याळी लोकांनी मिळून दोन दिवस खाल्ली. तुम्ही ओट्याशी ओशाळून उभे होतात आणि मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस माझा आहे. त्या घरात तुम्ही कामावरून उशिरा यायचात, दुबईचा रस्ता तेव्हाही तुंबलेलाच, आणि आल्यावर मी जागी आहे ना ते बघायला दारातून डोकवायचात. मी झोपेचं सोंग घ्यायचे, तुम्ही जरा जास्त वेळ उभे राहावं म्हणून.

आमच्या व्हिजिटची मुदत संपत आली तेव्हा पक्का व्हिसा मंजूर झाल्याचा कागद आला. पण त्या कागदावर इथेच बसून राहता येत नव्हतं. देशाबाहेर जायचं, बाहेर गेल्याचा शिक्का घ्यायचा आणि नव्या कागदावर परत आत यायचं, असा तेव्हाचा रिवाज. मिळायचा तीनच वर्षांचा शिक्का, पण आपली सगळी माणसं त्याला "परमनंट" म्हणायची. तुम्ही तर तो शब्द असा उच्चारायचात, जसं काही कोणी सातबारा तुमच्या नावावर करून देतंय. एका शुक्रवारी मित्राची गाडी मागून आणलीत आणि आपण तिघं ओमानच्या नाक्याकडे निघालो. आईने पहाटेच आंघोळ करून एका नारळाला कुंकवाची पिंजर लावली, तांबड्या फडक्यात बांधला, उदबत्तीचा पुडा घेतला. नवी वेस ओलांडून आत यायचं, तर तिथल्या राखणदाराला विचारल्याशिवाय कसं, हे तिचं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "अगं, तिथे पोलीस असतात, राखणदार नाही." तरी नारळ डिकीत तुम्हीच ठेवलात. तुमचंही मन त्याला तयार होतं, उगाच नाकारू नका.

जाताना काही झालं नाही. पलीकडे गेलो, शिक्के घेतले, परत फिरलो. येताना शेडमध्ये गाडी थांबवली, पासपोर्ट आत गेले, आणि एका शिपायाने डिकी उघडली. तांबडं फडकं सोडल्यावर तो दोन पावलं मागे सरकला. मग त्याने नारळ फडक्यासकट लांब धरून आत साहेबाकडे नेला आणि तुम्हाला बोलावलं. मी मागोमाग आले, आई गाडीत बसून राहिली. साहेबाच्या टेबलावर एका बाजूला आमचे पासपोर्ट आणि दुसऱ्या बाजूला तो लालभडक नारळ. त्याने हिंदीतच विचारलं, "ये जादू है?" या मुलखात जादूटोण्याला तुरुंग आहे हे तुम्हाला माहीत होतं, मला तुमच्या मानेकडे बघून कळलं. घाम पार कॉलरपर्यंत आला होता. आम्हाला आत घेणारा शिक्का त्या माणसाच्या हातात होता. त्याने नको म्हटलं असतं तर आम्ही दोघी तिथूनच गावाला, आणि तुम्ही पुन्हा कॅम्पात.

"नहीं साहब, खाने का है," तुम्ही म्हणालात. नारळ उचललात, बाहेर पायरीवर आपटून फोडलात, खिशातल्या चावीने खोबऱ्याचा तुकडा काढून आधी स्वतः खाल्लात, मग मला दिलात, मग त्या साहेबासमोर धरलात. त्याने आधी वास घेऊन पाहिला. मग त्याने तुकडा घेतला, चावला आणि शिपायाला म्हणाला, "खलास, यल्ला," म्हणजे झालं, जाऊ दे. तिन्ही पासपोर्टांवर शिक्के पडले. तुम्ही करवंट्या फडक्यात गोळा करून शेडमागे टाकायला गेलात, आणि ऊन फार होतं म्हणून मी पाण्याची बाटली घेऊन तुमच्या मागे आले.

आईला गाडीत एवढंच कळलं, की देवाच्या आधी नारळ माणसांनी खाल्ला आणि गाऱ्हाणं घालायचं राहिलं. घरी येईपर्यंत ती उदबत्तीचा पुडा मांडीवर घेऊन बसली. तुम्ही मात्र शारजात शिरताना अल नहदाच्या सिग्नललासुद्धा पासपोर्ट उघडून बघत होतात. मागच्याने हॉर्न दिला.

पुढची वर्षं चांगली गेली, बाबा. हे लिहायला हवं, कारण आईच्या बोलण्यात ती येतच नाहीत. शुक्रवारी खाडीवर मासळी आणायला जाणं, तुमचं मला गणित शिकवणं आणि मध्येच पेंगणं, आपली स्वतःची दोन खोल्यांची जागा. हळूहळू तुमची डाळही तिघांच्या मापात आली. व्हिसा एकदा नवा करून झाला. आणि मग एका उन्हाळ्यात तुमची कंपनी दुबईच्या नव्या इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, कारखान्यांच्या वसाहतीत गेली, तिथे मशिनी बसवताना दुपारी तुम्ही बसलात ते उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. तुमच्याबरोबर आमचा व्हिसाही गेला. आमचं इथलं राहणं तुमच्या नावावर होतं, तुम्ही नाही म्हणजे आम्हीही नाही. ज्या "परमनंट"साठी तो साहेब खोबरं चावत असताना आपण श्वास धरून उभे होतो, ते एका खिडकीत सहीनिशी रद्द झालं. तुम्ही खाली सामानात आणि आम्ही वर सीटवर, असे एकाच विमानाने गावी आलो. वेशीवर पोहोचल्यावर गाऱ्हाणं घालायला कोणी पुढे झालं नाही. काय मागणार होते?

आईने तेव्हाच ठरवून टाकलं, की राखणदाराचा मान द्यायचा राहिला म्हणून हे झालं. मी शिकले, नोकरीला लागले, माझ्या स्वतःच्या व्हिसावर इथे परत आले, तिला आणलं, तरी तिचं म्हणणं हललं नाही. मी तिच्याशी यावर कधी भांडले नाही. मुलगी शिकलेली असून समजावत नाही, असं जावयाला वाटतं. त्याला काय सांगू?

तुम्ही शेडमागे करवंट्या टाकल्या नव्हतात. तिथे एक काटेरी झाड होतं, त्याच्या बुंध्याशी त्या नीट उपड्या ठेवल्यात, चप्पल काढलीत आणि तापलेल्या वाळूत अनवाणी उभे राहिलात. मी तुमच्या पाठीमागे होते, तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "बा राखणदारा म्हाराजा, तुजा नाव माका ठावक नाय, पण जागेक धनी आसतलोच. ही माजी बायल आणि ह्या माजा चेडू आज तुज्या हद्दीत येतत. हेंका हय ऱ्हवाक दी. हेच्या बदल्यात काय घेवचा आसात, ता माजा घे. हेंका हात लावू नको."

नंतर तुम्ही वळलात, मला बघून दचकलात, हसलात आणि म्हणालात, "आईला सांगू नकोस हं." मी सांगितलं नाही. नारळ अर्धा राहिला नव्हता हे तिला कळलं, तर तुम्ही काय मागितलंत हेही कळेल. त्यापेक्षा तिचा रागावलेला राखणदार बरा. म्हणून हेही ती उठायच्या आत फाडून टाकणार आहे. देवधर्म मी फारसा मानत नाही, तुमचं हृदय कशाने थांबलं तेही मला डॉक्टरांच्या शब्दांत पाठ आहे. पण बाबा, तुम्ही वळण्याआधी, तुमचं बोलणं संपल्या संपल्या, होकार भरायला मागे दुसरं कोणीच नव्हतं आणि लहानपणापासूनची सवय, म्हणून मी हळूच म्हटलं होतं, "व्हय म्हाराजा."