मामाजींचा संशयित

प्रिय मामाजी,

सासऱ्यांना ‘तीर्थरूप’ लिहायला हवं, पण खुनी कोण यावरून तुमच्याशी इतकी भांडले, की आता ते जमत नाही! आज अमरावतीच्या साप्ताहिकात माझं परीक्षण छापून आलं. तुम्ही गेल्यानंतरचं पहिलंच. वाचून कुणाला दाखवू? म्हणून हे पत्र.

हे वारले तेव्हा मी बोलणंच टाकलं होतं. तिवशाहून दादा मला माहेरी न्यायला आला. तुम्ही म्हणालात, ‘तिले विचार. जायाचं असन त मी सोता पोचवतो. नसन त हे घर तिचंच आहे.’ मला काय हवं ते तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी अकोल्यातच राहिले.

मग तुम्ही वाचनालयातून रहस्यकथा आणलीत. मुखपृष्ठावर पिस्तूल! सासूबाई कडाडल्या, ‘दुखाच्या घरात हे खून काहून आणता?’

‘मले बारीक अक्षर दिसत नाही. सून वाचून दाखवन.’

मी अडखळत, नाइलाजानं वाचू लागले. थोडं वाचून होतं न होतं तोच तुम्ही मांडीवर थाप मारलीत, ‘डॉक्टरच खुनी!’ शेवटी निघाली त्याची मावशी. उभी हयात पोलिसात जमादारकी केलेला माणूस, आणि चेहरा असा पडलेला! मला हसू फुटलं. सासूबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या.

‘लेखकानं फसवलं,’ तुम्ही कुरकुरलात.

‘नाही मामाजी, तिच्या लुगड्याला चिखल होता, आधीच सांगितलंय.’

‘मंग हे पेपरात लिही न!’

लिहिलं. संपादकांना आवडलं, पण विधवा बाईचं नाव खुनाच्या पुस्तकाखाली कसं छापावं, म्हणून ते अडले. तुम्ही मला एसटीनं अमरावतीला नेलंत आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलात. ‘वाचलं हिनं, लिहिलं हिनं. नाव कोनाचं टाकता? माह्यं?’ आठवड्यानं माझं नाव आलं. पूर्ण! त्या नावानं मला पुन्हा माणसांत आणलं, मामाजी. हे तुमच्यासमोर कधी म्हणता आलं नाही. सुनेनं सासऱ्याला असं कुठं म्हणायचं असतं?

एक राग मात्र आहे. छातीत दुखायचं ते का लपवलंत? ‘उन्हानं होते’ म्हणत राहिलात आणि मी विश्वास ठेवला. जमादारानं इतकं सफाईनं खोटं बोलावं?

तुम्ही गेल्यापासून सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवायला उठवावं लागतं. आज दुपारी मी परीक्षण चाळत होते, तर पडल्या पडल्याच त्यांनी विचारलं, ‘त्यात कोनं मारलं व त्याले?’

‘असं सांगत नसतात. उठा, पुस्तकच वाचते.’

उठल्या. भिंतीला टेकून बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘हळू वाच.’

शब्द देते मामाजी, हळूच वाचीन. आणि रोज वाचीन.

तुमची सून,
सुमन