एका खात्यावरची दोन कार्डं

प्रिय चिकटराव,

या नावाने हाक मारली की तू चष्म्यावरून बघायचास. आता कसा बघतोस कोण जाणे. पाकिटावर मात्र तुझं खरं नाव नीट लिहिलंय, उगाच पोस्टमनची पंचाईत नको. वेगळे झाल्यापासून तू मला पत्र लिहिलं नाहीस आणि मीही तुला नाही. आज लिहायला बसले ती त्या पेट्रोलच्या कार्डामुळे. हसू नकोस. नेमकं कारण शेवटी सांगते, आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. तुझी सवय मला ठाऊक आहे.

आपण सगळं वाटून घेतलं होतं, आठवतं? कपाट तुला, गादी मला, चांगली कढई मला आणि तिचं झाकण चुकून तुझ्या खोक्यात. वकीलबाईंनी विचारलं, दोघांच्या नावावर आणखी काही राहिलंय का, तेव्हा आपण दोघांनी अगदी शहाण्यासारखी नकारार्थी मान हलवली. आणि टेबलावर ठेवलेल्या आपल्या दोन्ही गाड्यांच्या किल्ल्यांना एकाच खात्यावरची सवलतीची कार्डं लटकत होती. तू खरंच विसरला होतास की नाही, ते तुझं तुला माहीत. मला ती दिसत होती.

काय छळलंस रे मला त्या कार्डापायी! घराच्या कोपऱ्यावर पंप असताना पार गावाबाहेरच्या पंपावर जायचं, का, तर तिथे कार्ड चालतं. जाऊन-येऊन जेवढं जळतं तेवढंही वाचत नाही, हे मी तुला कागदावर मांडून दाखवलं होतं. तू कागद उलटसुलट केलास आणि म्हणालास की मग फिरणं फुकटात झालं असं समज. टाकी भरली की तू नळी हलवून हलवून शेवटचा थेंब आत पाडायचास आणि पंपावरचे मामा तोंड फिरवून हसायचे. मग हवा भरायच्या मशीनशेजारी गाडी लावून आपण थर्मासमधला चहा प्यायचो. आपली रविवारची सहल एवढीच. मी सगळा रस्ताभर कुरकुरायचे, पण थर्मास रविवारी सकाळी मीच आठवणीने भरायचे. तू हे कधी बोलून दाखवलं नाहीस. बोलायला हवं होतंस. पुढे पुढे आपण भांडणंसुद्धा बंद केली आणि तिथेच सगळं आटपलं.

माझं काम तेच आहे. घरोघरी जाऊन लोकांकडून व्यायाम करवून घ्यायचा. सध्या एक आजोबा आहेत, त्यांचा उजवा हात लुळा पडलाय. रबरी चेंडू दाबताना ते मला इतक्या शिव्या देतात की त्यांच्या सूनबाई लाजून आत पळतात. मला त्या शिव्या आवडतात, माणसात अजून जोर आहे हे कळतं. गुडघा बदललेल्या एक शिक्षिकाबाई आहेत. त्या नेहमी विचारतात, उशीर झाला तर घरी काळजी करत असतील ना? मी हो म्हणते. दिवसभर दुसऱ्यांचे हातपाय हातात घेऊन हलवायचे आणि घरी आल्यावर कुलूप आपणच काढायचं, दिवा आपणच लावायचा. कुकरशी बोलायला लागले आहे मी. तोही शिट्टी देऊन उत्तर देतो म्हणून बरं. एकटं वाटतं रे. फार वाटतं.

माझे सगळे पेशंट आता गावाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. वाटेत चार पंप लागतात. तरी दर शनिवारी मी उलट्या दिशेला आपल्याच पंपावर जाते. सवलतीसाठी नाही, ते तुझं खूळ. मी जाते पावतीसाठी. पावतीच्या तळाशी एकूण पॉइंट छापून येतात, तुझे आणि माझे एकत्र. माझे कितीने वाढले असतील याचा मला अंदाज असतो. त्याहून जे जास्त, ते तुझे. थंडीत ते भराभर वाढले, तेव्हा ओळखलं की तुझ्या कंपनीने तुला लांबच्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्तीला दिल्या आहेत. एकदा जेमतेम वाढले, तेव्हा वाटलं, याची कंबर धरली असणार, आणि आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पुढच्या शनिवारी आकडा पुन्हा उडी मारून वर गेला, तेव्हा मी पंपासमोरच्या दुकानातून स्वतःला आइस्क्रीम घेऊन दिलं.

आणि एक गोष्ट सांगायचीच आहे. वर्षाअखेरीस ते पॉइंट बाद होतात, त्याआधी त्यांचं पेट्रोल घ्यायचं असतं. मी घेतलं नाही, कारण त्यात तुझा वाटा होता. मला वाटलं, तू घेशीलच, फुकटची टाचणीसुद्धा न सोडणारा तू! वर्ष संपलं आणि सगळे पॉइंट गेले. तू एकालाही हात लावला नव्हतास. ती पावती घेऊन मी त्या हवेच्या मशीनशेजारी गाडी लावली आणि चांगली रडले. चिकटरावांनी माझ्यासाठी काय सोडलं, हे दुसऱ्या कुणाला सांगून कळलं नसतं.

उन्हाळा लागल्यापासून मात्र पावतीवर फक्त माझेच पॉइंट वाढताहेत. आधी वाटलं, बॅटरीवरची गाडी घेतली असशील. मग वाटलं, दुसऱ्या पंपाचं कार्ड घेतलंस की काय, तसं असेल तर तुला कधीच माफ करणार नाही. कुणी घरात आलं असेल आणि तिच्या गाडीतून फिरत असशील, असंही वाटून गेलं. तसं असेल तर असो, खरंच असो. पण गेल्या शनिवारी माझी सवलत निम्म्यावर आली. दोन्ही कार्डं वापरात असली तरच ती पूर्ण मिळते. मामांनी माझं कार्ड शर्टाला पुसून पुन्हा लावून बघितलं आणि हळूच म्हणाले की साहेबांचं कार्ड बऱ्याच दिवसांत कुठे लागलेलं नाही. तुझा जुना नंबर आता दुसऱ्याच एका घरात वाजतो. कंपनीत विचारलं असतं, पण तुम्ही कोण म्हणाले तर काय सांगू? तू त्या लिफ्टच्या उंच पोकळीत उतरायचास, तेव्हा मी कधी बोलले नाही, पण तू घरी येईपर्यंत मला घास जायचा नाही. आता नव्या पेशंटचं दार उघडलं की आधी माझी नजर पलंगावर जाते. वाटतं, तूच असशील.

म्हणून हे पत्र. उत्तर लिहू नकोस, तुला ते जमायचं नाही. फक्त आपलं कार्ड चालतं अशा जवळच्या पंपावर जा, थोडंसं पेट्रोल भर आणि कार्ड दाखवायला विसरू नकोस. गाडी नसली तर शेजाऱ्याच्या गाडीत भर, तेवढा खर्च सोस माझ्यासाठी. मी शनिवारी पावती बघेन आणि पुन्हा कधी त्रास देणार नाही. आणि पावतीवर काहीच आलं नाही, तर मी निघेन. तुला आठवतं, मी कायम काटा तळाला टेकेपर्यंत गाडी चालवायचे आणि तू ओरडायचास? हल्ली मी रोज टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवते, मिळेल त्या पंपावर, पूर्ण दराने. तुझ्या दारापर्यंत पुरेल एवढं पेट्रोल गाडीत आहे.

तुझीच,
उधळी