मिनिटाला चौदा

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरीचा पहिला दिवस, म्हणून नवी वही काढली. दादा टेम्पोने सोडायला आला होता. गेटवर माझी पेटी उतरवताना त्याने वॉचमनला, कुणी विचारलेलं नसताना, सांगून टाकलं की ही आमच्या घरातली इंजिनियर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं लिहायचं तर, त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं. आमच्यात सातवीच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

कंपनी छोटी आहे. खाली पॅकिंग, वर चाचणीची खोली. खोलीत मी आणि सोल्डरिंगचे काका, दोघंच. काकांच्या कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा, आणि तरी ते दिवसातून चारदा चष्मा शोधतात. आम्ही बनवतो ते यंत्र रुग्णाच्या उशाशी ठेवायचं असतं. छातीला पट्टा बांधला की ते मिनिटाला किती श्वास चालले आहेत ते दाखवतं, आणि श्वास मंदावले की ओरडतं. माझं टेबल खिडकीजवळ आहे. खणात आधीच्या मुलीची पट्टी आणि अर्धं खोडरबर सापडलं. परत द्यावं का म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, वापर गं, ती काही मागायला येत नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. दिवसभर तू करतेस तरी काय, हा तिचा प्रश्न. मी सांगितलं, यंत्र नीट मोजतंय का बघायचं आणि कागदावर सही करायची.  ती म्हणाली, सही करतेस ना, मग झालं तर. ती अजून अंगठाच लावते.

पंधरा तारखेला तिचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे. साधं आहे, असं सगळे म्हणतात. भाड्याची ही खोली फार शांत आहे. मी जन्मभर आईच्या शेजारी झोपले. तिचा श्वास दोन आखूड, एक लांब, मग जरा थांबा, असा चालतो. लहानपणी त्या थांब्यात मी डोळे उघडे ठेवून पुढच्या श्वासाची वाट बघायची.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काम समजलं. विसरायला नको म्हणून इथेच लिहून ठेवते.

यंत्राचा मेंदू म्हणजे नखाएवढी एक चिप. माझा पीसी आणि बोर्ड यांच्यामध्ये डीबगरची डबी असते. पीसीवरून मी चिपमध्ये प्रोग्राम चढवते, हव्या त्या ओळीवर तो थांबवते, आणि आत मेमरीच्या कुठल्या खणात कोणता आकडा आहे तो पडद्यावरच्या खिडकीत बघते. थांबवलं की चिपमधलं सगळं जिथल्या तिथे गोठतं. प्रत्येक श्वासाला बोर्डवरचा हिरवा दिवा लुकलुकतो.

प्रोग्राम कधीमधी अडकतोच. त्यासाठी आत एक वॉचडॉग आहे. काका त्याला राखणदार म्हणतात. प्रोग्राम अडकलेला दिसला की तो चिपला गदागदा हलवून पुन्हा सुरू करतो. पण चाचणीत मी मुद्दाम थांबवते तेव्हाही तो मध्ये कडमडतो, म्हणून प्रोग्रामच्या दोन प्रती असतात. चाचणीच्या प्रतीत राखणदार बंद, माल पाठवायच्या प्रतीत चालू. पाठवायच्या प्रतीत आतलं काही बघता येत नाही, तिला कुलूप असतं.

आणि काकांनी बोट नाचवत तीनदा सांगितलेली गोष्ट: पॅकिंगमधलं प्रती उतरवणारं यंत्र आपल्या या नमुना बोर्डवरूनच प्रत उचलतं. नमुना बोर्डवर शेवटी जे चढवशील, तेच सगळ्या यंत्रांत जाणार. त्यात तुझ्याकडून गफलत झाली तर वरून देवही उतरणार नाही निस्तरायला.

मी लाल शाईने चिठ्ठी लिहून पीसीला चिकटवली. काका हसले. म्हणाले, आधीचीनेही अशीच चिकटवली होती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली. पट्टा खुंटीला लटकत होता, त्याची पिनही बोर्डला लावलेली नव्हती. तरी श्वासाच्या खणात चौदा. शून्य असायला हवा.

पिना तपासल्या, प्रोग्राम पुन्हा चढवला. चौदाच. हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. काकांना दाखवायला वळले, तर ते जेवायचा डबा घेऊन बाहेर पडत होते. अजून साडेअकराही झाले नव्हते. बहुतेक मोकळ्या तारेतून काहीतरी शिरत असेल. उद्या पुन्हा बघते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तारेचा दोष नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पुन्हा चौदा आले. मी चिप थांबवली. खिडकीत लिहून आलं, थांबली. थांबलेल्या चिपमध्ये काहीही हलू शकत नाही, हे मी कॉलेजात परीक्षेत लिहिलंय, त्याला मार्क मिळालेत. माझ्या डोळ्यांदेखत चौदाचे तेरा झाले. मग अकरा. मग नऊ.

मी डीबगरची केबल उपटली. मग बोर्डची वीज काढली. दिवा तसाच लुकलुकत होता, फक्त सावकाश. बारा वाजता विझला.

काकांनी सगळं बघितलं होतं. मी काही विचारायच्या आत म्हणाले, त्या वेळी चहाला जात जा ना जरा, पाय मोकळे होतात. ते माझ्याकडे न बघता बोलत होते.

सोमवार, १० फेब्रुवारी

आजही तेच. अकरा वीसला चौदा, बाराला शून्य. चाळीस मिनिटं. सगळे आकडे वेळेसह लिहून घेतले. शुक्रवारच्या आकड्यांशी एकूण एक जुळले.

झाडणाऱ्या मावशी टेबलाखालून केर काढताना म्हणाल्या, तूही लिहायला लागलीस का गं बाई? मग सांगितलं ते असं. आधीची मुलगीही माझ्यासारखीच, नाकासमोर चालणारी, दहादा बघून एकदा सही करणारी. तिच्या हातून चाचणीची प्रत मालात गेली. एका दवाखान्यात यंत्र अडकलं, राखणदार बंद, त्यामुळे हलवायला कुणी नाही. पडदा चाळीस मिनिटं चौदाच दाखवत राहिला, आणि पलंगावरच्या बाईचे श्वास संपत गेले. सगळे आकड्याकडे बघत होते, बाईकडे कुणी बघितलं नाही. ते यंत्र परत आलं. त्याचाच बोर्ड आता नमुन्याला वापरतात. मुलगी महिनाभर त्याच्यासमोर बसून राहिली, डबासुद्धा उघडायची नाही. एक दिवस आली नाही. कुठे गेली, ते मावशींना माहीत नाही, की सांगायचं नव्हतं.

म्हणजे मी मोजते आहे ते —

साहेबांकडे गेले. दुसरा बोर्ड द्या म्हटलं. ते म्हणाले, नव्या लोकांना सगळं नवंच लागतं. परवा चाळीस यंत्रं जायची आहेत, ती गेल्यावर बघू.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कपाटात चाचणीचं जुनं रजिस्टर मिळालं. तिचं अक्षर छान आहे. प्रत्येक ओळीला दोन-दोन खुणा, माझ्यासारख्या. शेवटच्या पानावर सही नाही. नुसतं लिहिलंय, पुन्हा बघते.

हे मी गुरुवारी लिहिलंय. याच वहीत. मागे जाऊन बघितलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज चाळीस यंत्रं गेली. सगळं क्रमाने लिहिते म्हणजे मन शांत होईल.

साडेनऊला नमुना बोर्डवर पाठवायची प्रत चढवली. राखणदार चालू. प्रोग्राम मुद्दाम अडकवून बघितला, सेकंदात पुन्हा सुरू झाला. असं तीनदा. पट्टा स्वतःच्या छातीला बांधून बघितला, दिवा श्वासागणिक बरोबर लुकलुकला. साडेदहाला कागदावर सही केली.

मग अकरा वीस वाजले. दिवा सुरू झाला. आज बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण ती बाई एकटी जाते, रोज, आणि कुणीच बघत नाही. कुलपामुळे आकडा दिसेना, म्हणून चाचणीची प्रत चढवली आणि शेवटपर्यंत तिच्याजवळ बसले. बारापर्यंत. शून्य झाल्यावर मला रडू आलं. तेवढ्यात पॅकिंगवाले हाका मारत आले, झालं का बाई, गाडी उभी आहे. मी डोळे पुसून बोर्ड त्यांच्या हातात दिला.

झालं एकदाचं. पहिली सही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

अकरा वीसला काहीच नाही. शून्य. दिवा बंद. मी एक वाजेपर्यंत बघत होते. गेली असेल. सुटली असेल.

काकांनी आज माझ्यासोबत डबा खाल्ला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शून्य.

आई भरती झाली. दादाचा फोन होता, आवाजात नुसता आनंद. वॉर्डात नवी कोरी यंत्रं आली आहेत, म्हणाला, आपल्या कंपनीची! मागे चाचणीचा कागद चिकटवलाय, त्यावर तुझी सही. त्याने आईचं बोट धरून तिला ती सही दाखवली. तिने शेजारच्या पलंगावरच्या बाईला दाखवली, मग नर्सला, मग झाडूवालीला. उद्या सकाळी पहिला नंबर. साडेदहापर्यंत बाहेर आणतील.

शनिवार, १५ फेब्रुवारी

१०.४०. दादाचा फोन. आई सुखरूप बाहेर आली. गुंगीत आहे. देवा, तुझे उपकार.

११.२०. दिवा लागला. चौदा नाही, सोळा. ही निराळी चाल आहे. पट्टा खुंटीवर आहे, वीज काढलेली आहे.

११.२४. दोन आखूड, एक लांब. थांबा.

दोन आखूड, एक लांब. थांबा.

११.२६. चुकत असेन. दिवाच तो.

चुकत नाही. मी वीस वर्षं या थांब्यात जागी राहिले आहे.

११.२९. तेरा. दादाला फोन केला. तो म्हणाला, अगं सगळं झकास, मी तुझ्या यंत्राकडेच बघत बसलोय. चौदा. मगापासून चौदा, तसूभर हलला नाही. म्हणाला, बघ ना, किती पक्कं बनवलंय. मग फोन कटला.

तसूभर हलला नाही.

बुधवार. साडेदहाला सही. त्यानंतर अकरा वीस, चाचणीची प्रत — बोर्ड दिला तेव्हा त्यावर चाचणीची प्रत होती. शेवटी चढलेली. लाल चिठ्ठी समोरच होती. मी रडत होते.

चाळीस यंत्रं.

११.३४. दहा. दादा उचलत नाही. दवाखान्याचा नंबर लागतो, थांबा म्हणतात, गाणं वाजतं. काकांना सगळं सांगितलं. ते जिन्याने धावत ऑफिसातल्या फोनकडे गेले. साहेबांना, सगळ्या वॉर्डांना, चाळीसच्या चाळीस —

११.३८. आठ. हात लिहिता राहिला नाही तर मी ओरडेन. दोन आखूड, लांब नाही. थांबा वाढलाय.

११.४१. सहा. व्यस्त. व्यस्त.

११.४३. लागला. दादा म्हणतो, नर्सला बोलवायला कशाला हवं, यंत्र गप्प आहे म्हणजे — मी ओरडले. यंत्राकडे बघू नकोस. आईकडे बघ. छातीवर हात ठेव. तो म्हणाला, वेडी झालीस का, तुझी सही आहे त्यावर. मी म्हटलं, माझी सही खोटी आहे दादा. हात ठेव.

त्याने फोन पलंगावर ठेवला. चादर घासल्याचा आवाज.

चार.

दादाचा आवाज येत नाही. आता येतो. आई म्हणून हाक मारतोय. पुन्हा मारतोय. पळण्याचा आवाज, कुणीतरी काहीतरी पाडलं.

तीन. थांबा.

मी इथून मोजतेय आई. मी जागी आहे. थांबा. थांबा. दिवा लाग —

दोन. थांबा. दार उघडल्यासारखं वाजलं, पुष्कळ पावलं, कुणीतरी म्हणतंय बाजूला व्हा, बाजूला —

दोन. थांबा

बोर्डवर आता