बोर्डाच्या मागचं नाव

अंधेरी,
१० जुलै १९८४

प्रिय मालन,

कॉलेज सोमवारी सुरू झालं. मी आता इथेच डेमॉन्स्ट्रेटर आहे. ड्रॉइंग हॉलमधलं खिडकीकडून तिसरं टेबल, तुझं, अजून रिकामं आहे. तुला परत प्रवेश घेता यावा म्हणून फॉर्म मी मे महिन्यातच आणून ठेवला होता. फक्त तुझी सही हवी होती.

आपल्या मुलींची रीत तुला ठाऊक आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलीने आपला ड्रॉइंग बोर्ड पहिल्या वर्षाच्या मुलीला द्यायचा आणि मागच्या बाजूला, आपल्या नावाखाली, तिचं नाव डिव्हायडरच्या टोकाने कोरायचं. मला बोर्ड देताना शुभाने माझं नाव पहिल्याच दिवशी कोरलं. तेव्हा मला धड सरळ रेघही येत नव्हती. तुला बोर्ड देताना मी मात्र म्हटलं, आधी सेमिस्टर पास हो, मग कोरू. वाटलं, त्याने तू नेटाने अभ्यास करशील.

तुझ्या वर्गातला नंदकुमार तुझ्या बोलीची नक्कल करत 'काय गो मालन, आज डब्यात बांगडो काय?' म्हणाला की सगळा हॉल हसायचा. मी हसले नाही, एवढंच. 'तिकडे लक्ष देऊ नको, मापं लिही,' म्हटलं. तू जिन्याखाली एकटी डबा खायचीस. मी रोज तिथूनच जायचे, एकदाही बसले नाही. तुझ्या अकरा शीट तपासल्या, प्रत्येक चूक लाल पेन्सिलीने दाखवली. तू दोनदा विचारलंस, 'ताई, माझां नाव कधी?' दोन्ही वेळा मी परीक्षेची तारीख सांगितली. दिवाळीनंतर तू आलीच नाहीस.

आज सकाळी जयंती नावाच्या नव्या मुलीला द्यायला हॉलमध्येच राहिलेला तुझा बोर्ड काढला. ओला फडका घेऊन उलटा केला, तर माझ्या नावाखाली दोन समांतर रेघा आणि त्यांच्यामध्ये 'मालन'. कडक पेन्सिल, हलका हात. उजेड तिरपा नसता तर मी पुसूनच टाकलं असतं. मीच शिकवलं होतं ना, नक्की होईपर्यंत रेघ फिकी ठेवायची, म्हणजे खोडता येते. अक्षरं पाच मिलिमीटर. मी पट्टी लावून पाहिली. एकही चूक नाही गं.

काल तुझ्या बाबांचं कार्ड आलं. गिरणीतली नोकरी सुटली, आता गावीच राहणार. वैशाखात तुझं लग्न झालं. बोर्ड कुणा गरजू मुलीला द्यावा. तो मी दिला नाही. जयंतीला दुसरा आणला, तिचं नाव लगेच कोरलं, दुपारी तिच्याबरोबर डबा खाल्ला. मग तुझ्या फिक्या अक्षरांवरून डिव्हायडर फिरवला. टोक घसरलं, 'ल' बिघडला. तुझी शीट असती तर मी परत करायला लावली असती. फॉर्म पाठवत नाही. नाव कोरलंय, एवढंच कळवायचं होतं.

तुझीच, उशिरा का होईना,
अनुपमा