उजव्या पायाचा बूट

मी, सुंदराबाई रतन खरात, वय ५८, राहणार भांडुप पश्चिम, हे लिहून ठेवते. छातीत पाणी भरलंय, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करून तर बघावी.

१. राहती खोली माझी मुलगी सपना हिची. दीर चैतन्य याचा त्या खोलीवर कणभर हक्क नाही. सख्खा भाऊ तापाने फणफणत असताना जो दवाखान्याची पायरी चढला नाही, त्याने आता माझ्या दारातही उभं राहू नये.

२. शिलाई मशीन आणि भांडी सपनाची. माझं अंथरूण-पांघरूण नाल्यात फेकू नये, धुऊन गरजूला द्यावं. चांगल्या वस्तू वाया घालवायचं काम मी चौदा वर्षं केलं, आता पुरे.

३. ते काम असं. कंपनीच्या गोदामात न खपलेले गमबूट कटरने कापायचे, म्हणजे कोणी फुकटात वापरू नयेत. जोडीतला फक्त डावा कापायचा, तेवढ्याने जोडी बाद. मग सगळे गोदामामागे जाळायचे. धूर आमच्याच वस्तीत यायचा, अर्धवट जळलेलं रबर नाल्यात तुंबायचं. त्याच नाल्यात सपनाचे बाबा कंत्राटावर सफाईला उतरायचे, साध्या चपलांवर.

४. सपना, तू म्हणतेस, बाबांना बूट कधी मिळालेच नाहीत. मिळाले होते गं. नऊ नंबरची जोडी मी पिशवीत लपवून आणली होती. ते म्हणाले, "चोरीचं मी पायात घालणार नाही. उद्या परत ठेव." मी ठेवली. सुपरवायझर हर्षद समोर येऊन म्हणाला, "बघतेस काय? काप." मी कापला. अकरा दिवसांनी त्यांना लेप्टो झाला, घाण पाण्यातून अंगात शिरतो तो ताप. पायाला जखम होती. चौथ्या दिवशी गेले. हर्षदला मी माफ करत नाही. स्वतःलाही नाही.

५. गेल्या वर्षी नव्या मॅनेजरबाईंनी कापाकापी बंद केली. उरलेले बूट आता सफाईवाल्यांना मिळतात. धूर थांबला, नाला वाहता झाला. त्यासाठी फक्त एक सही लागली! त्या दिवशी घरी येऊन मी ऊर बडवून रडले.

६. त्या नऊ नंबरच्या जोडीतला उजवा बूट मी, डावा कापला त्याच संध्याकाळी, परत घरी आणला. तो पेटीत आहे, कोरा. सपनाच्या बाबांचे कामावरचे जोडीदार भीमराज यांचा डावा पाय कचऱ्याच्या गाडीखाली गेला. कुबडी घेऊन ते अजून पाण्यातून सफाईच्या चौकीवर हजेरीला जातात. बूट त्यांना द्यावा. सात वर्षं मी दिला नाही, कारण कुठून आला ते सांगावं लागलं असतं. सपना, आधी त्यांना सगळं सांग, मगच दे. त्यांचाही नंबर नऊच आहे.

सही : सुंदराबाई रतन खरात

साक्षीदार :
१. अनुपमा परब, शेजारीण. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. प्रीतम जाधव. गोदामात यांच्या शेजारच्या टेबलावर होतो. त्या दिवशी मीही कापत होतो.

भांडुप, १४ फेब्रुवारी २०२५